टरफले कोणी टाकली?

लोकमान्य टिळकांच्या बाळपणीची शेंगांच्या टरफलांची गोष्ट ज्या घरात सांगितली गेली नाही, असे मराठी घर विरळा. वर्गात टरफले पडलेली, मास्तर संतापलेले, साऱ्या वर्गाला शिक्षा. आणि तेवढ्यात एक मुलगा उभा राहून सांगतो की, ज्या शेंगा आपण खाल्ल्याच नाहीत त्यांची टरफले आपण उचलणार नाही. गोष्ट जशीच्या तशी घडली की पुढच्यांनी ती घडवली, हा वाद बाजूला ठेवू. आपण ती बाणेदारपणाची गोष्ट म्हणून सांगतो. मला मात्र अलीकडे ती निराळीच वाटू लागली आहे. ती एका चौकशीची गोष्ट आहे. म्हणजे न झालेल्या चौकशीची. मास्तरांनी शिक्षा फर्मावण्याआधी दोन प्रश्न शांतपणे विचारले असते, तर सांगण्यासारखी गोष्टच उरली नसती.

आता हीच गोष्ट उलटी करून पाहा. या वेळी बोट मास्तरांकडे आहे. त्यांनी पोराला गुरासारखे मारले. शिकवणीला येणाऱ्यांनाच वर काढले. परीक्षेच्या कामात पैसे खाल्ले. किंवा ज्याचा उच्चार घरात दार लोटूनच होतो असे काही केले. टरफले कोणी टाकली, हा प्रश्न आता मास्तरांच्या बाबतीत विचारायचा आहे. तो कोणी विचारायचा? कोणासमोर? आणि उत्तर येईपर्यंत मास्तरांनी कोठे बसायचे आणि मुलाने कोठे? या साध्या प्रश्नांची नीट उत्तरे शोधायला आपल्या प्रांताला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या शोधाची ही हकीकत.

मराठीत 'चौकशी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण त्याची चौकशी करतो ती मायेची. आणि कचेरीत कोणाच्या मागे चौकशी लागते ती धास्तीची. शब्द एकच. आपल्या हकीकतीचे सारे मर्म या दोन अर्थांच्या मध्ये कोठेतरी आहे.

प्रारंभ पंतोजीपासून करू. १८२४ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सरकारने कलेक्टरांकडून गावोगावच्या देशी शाळांची माहिती मागवली. ते कागद शिक्षणतज्ज्ञ परुळेकर यांनी १९४५ च्या सुमारास संपादून प्रसिद्ध केले. त्या काळची शाळा म्हणजे कोणाची ओसरी, देवळाचा मंडप किंवा पंतोजीचे स्वतःचे घर. आणि त्याची प्राप्ती म्हणजे मुलांच्या घरून येणारे थोडके पैसे आणि शिधा. अशा पंतोजीविरुद्ध तक्रार करायची कोणाकडे? वरिष्ठ नाही, दप्तर नाही, नियम नाही. पटले नाही तर पालक मुलाला काढून घेई, आणि पंतोजीचा शिधा तेवढा कमी होई. चौकशीही तीच आणि शिक्षाही तीच.

१८५५ साली मुंबई इलाख्यात सरकारी विद्याखाते उभे राहिले आणि चित्र पालटले. पंतोजीचा मास्तर झाला. त्याच्यावर डेप्युटी आला. हजेरीपट आला, शेरेबुक आले. आज ज्यांना आपण उपनगरे म्हणतो ती अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही त्या वेळी ठाणे जिल्ह्यातील साष्टीची खेडी होती. आता तक्रार करण्यास वरचा माणूस मिळाला. पण वरचा माणूस मिळाला म्हणजे न्याय मिळाला असे नव्हे. कारण तक्रार कोणाची ऐकायची, हे अजून ठरायचे होते.

ही तक्रार जाहीरपणे मांडणाऱ्या पहिल्या माणसांत जोतीराव फुले होते. १८६९ साली त्यांनी विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवर एक पोवाडाच रचला. शूद्रांच्या मुलांशी होणारा दुजाभाव हा त्याचा विषय. अर्जाला कोणी दाद देत नाही म्हटल्यावर फिर्याद पोवाड्यातून मांडावी लागली, असेच म्हणायचे! १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात मात्र त्यांनी हीच गोष्ट निराळ्या सुरात सांगितली. शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, त्यांना रीतसर शिक्षण द्या आणि त्यांचा पगार निदान १२ रुपये तरी ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. मास्तरांच्या दोषांवर एवढा कडक प्रहार करणाऱ्या माणसाने मास्तरांच्या पोटाचाही विचार सोडला नाही.

पुढे वीसएक वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी वर्गात वेगळा, आपल्या गोणपाटावर बसत असे. नळाला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती; शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच हे लिहून ठेवले आहे. यात कोणत्या मास्तरांनी कोणता नियम मोडला? एकही नाही. तोच रिवाज होता. ज्या अन्यायाला समाज अन्याय म्हणत नाही, त्याची तक्रार होत नाही. आणि तक्रार नाही म्हणून सारे आलबेल असे दप्तर सांगत राहते.

शिक्षकाचे गैरवर्तन कशाला म्हणावे, हे त्या त्या काळचा मालकच ठरवीत आला. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी शाळेतील शिक्षक. १८७४ पासून त्यांची 'निबंधमाला' गाजू लागली, आणि पुढे त्यांची पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली. आरोपपत्र नाही, खुलासा नाही, नुसती बदली. ती लेखणीवरच्या रोषामुळे झाली असेच लोकांनी मानले. शास्त्रीबुवांनी नोकरीला रामराम ठोकला आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने तर राजकारणात भाग घेणे हाच विद्यार्थ्यांचा व शिक्षकांचा दोष ठरवला, आणि अनुदान बंद होण्याची टांगती तलवार शाळांवर धरली. र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडावी लागली. त्या काळी ज्यांना गुन्हेगार मानले, त्यांच्या जयंत्या आपण आज साजऱ्या करतो. चौकशी करणाऱ्याने हे कधी विसरू नये; आजचा मालकही उद्या चुकीचा ठरू शकतो.

आणि छडीचे काय? तिला तर मुळी गैरवर्तन म्हणतच नसत. १८६० हे साल या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी इंग्लंडातील ईस्टबोर्न येथे टॉमस हॉपली नावाच्या शाळामास्तराने एका विद्यार्थ्याला इतके मारले की तो दगावला. हॉपलीला सदोष मनुष्यवधाबद्दल चार वर्षांची सक्तमजुरी झाली. पण न्यायाधीशांनी त्याबरोबरच असेही सांगितले की, बापाला वा मास्तराला माफक आणि वाजवी मार देण्याचा अधिकार आहे. त्याच वर्षी आपल्याकडे भारतीय दंड संहिता मंजूर झाली. तिच्या ८९ व्या कलमाने बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण दिले. खटला झालाच तर मास्तरांचे वकील याच कलमाकडे बोट दाखवीत. मुलाला शाळेत घालताना 'हाडे आमची, कातडे तुमचे' असे मास्तरांना बजावून येणारा बाप त्या काळी कोठे दुर्मिळ होता?

आता उपनगरांकडे वळू; कारण या हकीकतीतला पुढचा पेच तेथे फार स्पष्ट दिसतो.

१९२० साली ठाणे जिल्ह्यातून साष्टीचा दक्षिण भाग काढून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले, आणि १९२१ साली पार्ल्याच्या लोकांनी त्यांच्या नावे पार्ले टिळक विद्यालय काढले. उपनगरांतील शाळांचा नमुना तो असा: सरकारने दिलेली नव्हे, वस्तीने काढलेली शाळा. १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत वाढली आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. गिरगाव-दादरच्या चाळींत न मावणारी माणसे गाडीने उत्तरेकडे सरकली, आणि प्रत्येक स्टेशनाच्या पूर्वेला-पश्चिमेला शाळा हवी झाली. चार भल्या माणसांनी मंडळ नोंदवायचे, वर्गणी गोळा करायची, भाड्याच्या खोलीत दोन वर्ग सुरू करायचे. अशा शाळांतून पिढ्या शिकल्या. त्या माणसांचे ऋण मोठे आहे.

पण याच आपलेपणात चौकशीची अडचण दडलेली होती. संस्थेचे चिटणीस, मास्तर आणि तक्रार करणारा पालक, तिघेही एकाच आळीतले. सकाळी एकाच फलाटावर उभे राहणारे, गणपतीला एकमेकांच्या घरी आरतीला जाणारे. अशा ठिकाणी तक्रारीची गत दोनच प्रकारची होई. मास्तर मंडळाच्या मर्जीतले असले, तर पालकाची समजूत घालून प्रकरण मिटवायचे. फारच बोभाटा झाला तर मास्तरांचा राजीनामा घेऊन हातात चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्यायचा, म्हणजे तेच मास्तर दोन स्टेशने पलीकडच्या शाळेत रुजू! आणि मास्तर मर्जीतून उतरलेले असले, तर एखाद्या फुटकळ कागदाच्या आधारे त्यांना घरी बसवायचे. पहिल्या तऱ्हेत मूल बुडे, दुसरीत मास्तर. संस्था मात्र दोन्ही वेळा तरंगत राही.

सरकारी नोकराला या बाबतीत घटनेच्या ३११ व्या कलमाचा आधार होता. आरोप न सांगता आणि बाजू न ऐकता त्याला काढता येत नसे. जिल्हा परिषदेच्या गुरुजींसाठी १९६४ सालचे शिस्त व अपील नियम झाले. खाजगी शाळेतल्या मास्तरांना यांपैकी काहीच लागू नव्हते. कायद्याच्या दृष्टीने तो मालक आणि नोकर यांच्यातला करार; मोडला तर फार तर नुकसानभरपाई मागावी, नोकरी परत मागता येत नाही. पन्नाशीला पोचलेल्या गणिताच्या मास्तरांनी नुकसानभरपाईच्या दाव्यावर किती वर्षे संसार रेटावा?

हा पेच सोडवण्यासाठी जो कायदा झाला, त्याचे नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. त्याचे नियम १९८१ साली आले. नियमांचे पुस्तक म्हटले की वाचक पान उलटतो. पण या पुस्तकातला ३६ वा आणि ३७ वा नियम कोणीतरी माणसांचा स्वभाव ओळखून लिहिला आहे असे मला नेहमी वाटते.

गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात जाणूनबुजून व सतत केलेली हयगय आणि अकार्यक्षमता ही गंभीर कारवाईची कारणे. आरोप असेल तर तो आधी नोंदणीकृत टपालाने मास्तरांना कळवायचा आणि ७ दिवसांत लेखी खुलासा मागवायचा. खुलासा पटला नाही आणि नोकरीवर गदा येण्याइतके प्रकरण भारी असेल, तर तिघांची समिती नेमायची. या तिघांत एक संस्थेचा माणूस. दुसरा आरोपी शिक्षकाने स्वतः निवडलेला, कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी. आणि तिसरा राज्य वा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांपैकी एक. म्हणजे एक मालकाचा, एक मास्तरांचा आणि एक निव्वळ शिक्षकी पेशाचा! आपल्या गावपंचायतींना शोभेल अशी ही योजना आहे. आरोपी स्वतः मुख्याध्यापक असेल तर संस्थेच्या बाजूने अध्यक्षांनाच बसावे लागते.

पुढे आरोपपत्र, साक्षी, उलटतपासणी. बैठका सामान्यतः शाळेतच घ्यायच्या. कामकाज लिहून काढायचे आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. निलंबन करायचे तर शिक्षण खात्याची परवानगी हवी. निलंबित शिक्षकाला निर्वाहभत्ता द्यायचा. आणि सारे १२० दिवसांत आटोपायचे. समितीचा निर्णय संस्थेने अमलात आणायचा, आपल्या मर्जीने फिरवायचा नाही. समितीने तिघे मिळून निर्णय दिला पाहिजे, प्रत्येकाने आपापला सुटा अहवाल देऊन भागणार नाही, असे २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सांगितले. एवढे होऊनही मास्तरांना अन्याय वाटला, तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील; आणि तेथील न्यायाधीश त्यांना मागील पगारासह पुन्हा कामावर घ्यायला लावू शकतात.

शेवटची घंटा झाल्यावर, रिकाम्या वर्गात, मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून बसलेली ही तीन मोठी माणसे मी मनात आणतो, तेव्हा मला त्या टरफलांच्या वर्गाची आठवण होते. निदान आता शिक्षेआधी प्रश्न विचारला जातो.

पण नीट पाहा. त्या वर्गात तीन खुर्च्या आहेत. एक संस्थेची, एक मास्तरांची, एक पेशाची. मुलाची खुर्ची कोठे आहे?

ती नाही. १९८१ चे नियम मास्तरांची भाकरी वाचवण्यासाठी झाले, आणि ते काम त्यांनी केले. मूल त्यांत येते ते साक्षीदार म्हणून. सहावीतल्या मुलीने आपल्याच मास्तरांसमोर उभे राहून सांगायचे, आणि मास्तरांच्या बाजूने विचारलेल्या उलट प्रश्नांना उत्तरे द्यायची! मोठमोठ्यांची जीभ जेथे टाळ्याला चिकटते, तेथे तिने काय बोलावे? ती गप्प राहिली तर आरोप शाबीत होत नाही. आणि तिला बोलावलेच नाही, तर मास्तरांना बाजू मांडू दिली नाही म्हणून सारी चौकशी अपिलात कोसळते. हा पेच खरा आहे. नव्वदच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे नवोदय विद्यालयातल्या एका शिक्षकाचे असेच प्रकरण आले. प्राथमिक चौकशीत मुलींचे जबाब घेतले होते. पूर्ण चौकशी न करताच शिक्षकाला काढले होते. मुलींना उलटतपासणीला उभे करणे घातक ठरले असते, असे म्हणून न्यायालयाने ती बडतर्फी कायम केली. निकाल योग्यच, पण अपवादाने नियम होत नाही.

मुलाच्या बाजूचे नियम फार उशिरा आले. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना १७ व्या कलमाने मनाई केली, आणि २८ व्या कलमाने शिक्षकाच्या खाजगी शिकवण्याही बंद केल्या. दीडशे वर्षे 'माफक आणि वाजवी' म्हणून मिरवलेली छडी एका ओळीत गैरवर्तन ठरली. २०१२ साली बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा आला, आणि त्याने चौकशीचे सारे नेपथ्यच बदलले. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा. शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. न्यायालयात आरोपी त्याच्या दृष्टीस पडू द्यायचा नाही. वकिलाने आपले प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे. आणि शाळेच्या प्रमुखाने असा अपराध कळूनही दडवला, तर त्यालाच एक वर्षापर्यंत कैद. राजीनामा घेऊन, दाखला देऊन प्रकरण मिटवण्याची ती जुनी वाट या कलमाने बंद केली. निदान कागदावर तरी.

आज उपनगरांतला पालक तक्रार घेऊन निघाला, तर त्याला जिल्ह्याप्रमाणे शिक्षणाधिकारी भेटत नाही. मुंबईत खाजगी माध्यमिक शाळांसाठी शिक्षण निरीक्षक असतो. अंधेरी-बोरिवलीकडच्यांसाठी पश्चिम विभागाचा, घाटकोपर-मुलुंडकडच्यांसाठी उत्तर विभागाचा. पण अपराधाची तक्रार असेल तर वाट थेट पोलीस ठाण्याची. तेथे शाळेच्या समितीची वाट पाहायची नसते. दोन्ही चौकश्या वेगळ्या. न्यायालयाला संशयाच्या पलीकडचा पुरावा लागतो. शाळेच्या समितीला एवढेच पाहायचे असते की, समोर आलेल्या गोष्टींचे पारडे कोणत्या बाजूला झुकते.

आणि चौकशी वेळेवर झाली नाही तर काय होते, हे २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरने दाखवले. तेथे आरोपी शिक्षक नव्हता, शाळेतला सफाई कामगार होता. पण चिमुकल्या मुलींच्या पालकांची तक्रार नोंदवायला वेळ लागला, आणि लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. ज्या प्रश्नाला तीन खुर्च्यांवर बसून उत्तर द्यायचे, त्याला हजारो माणसे रुळांवरून उत्तर मागू लागली. जमावाचा क्रोध समजण्यासारखा असतो. पण जमावाला उलटतपासणी करता येत नाही. तो दोषी ओळखतो तसा निर्दोषही चिरडू शकतो.

फुल्यांचे ते १८८२ चे निवेदन मला म्हणूनच पुन्हा पुन्हा आठवते. मास्तर चुकतो म्हणून त्याची गय नको, आणि मास्तर माणूस आहे म्हणून त्याची उपासमार नको. दोन्ही एकाच कागदावर. शिक्षकाच्या चौकशीत दोन दुबळी माणसे समोरासमोर असतात. एकाचे वय लहान असते, दुसऱ्याची कमाई. एकाला वाचवायचे म्हणून दुसऱ्याला ऐकायचेच नाही, ही सोपी वाट आपण पुष्कळ वर्षे आलटून पालटून चाललो.

दिवाळीच्या सुटीत घरोघरी मुले मोकळी असतात. फराळाच्या ताटाभोवती शाळेच्या गोष्टी निघतात; कोणत्या बाई आवडतात, कोणते सर उगाच ओरडतात, कोणाच्या तासाला जावेसेच वाटत नाही. ते ऐकताना आपण बहुधा हसतो, किंवा 'तूच काहीतरी केले असशील' म्हणून मोकळे होतो. तसे न करता एक लाडू पुढे सरकवून, आवाज न चढवता विचारावे: काय झाले? मग काय झाले? तेथे आणखी कोण होते? चौकशी या शब्दाचा पहिला, मायेचा अर्थ घरात पाळला गेला, तर दुसऱ्या अर्थाची वेळ पुष्कळदा येणारच नाही. आणि आलीच, तर मूल बोलायला शिकलेले असेल, आणि आपण ऐकायला.

टरफले कोणी टाकली, हे त्यानंतरच ठरवावे.